‘उद्यापासून येऊ नको’ आणि १९४६ चा कायदा

बाबासाहेब म्हटले की आपण संविधान, आरक्षण आणि धम्मदीक्षा सांगतो. कामगाराची नोकरी कोणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून लढलेले बाबासाहेब आपल्याच सभांतून क्वचित ऐकू येतात.

मुंबईच्या गिरण्यांत माणूस ठेवणे-काढणे जॉबरच्या हातात होते. दस्तुरी दिली तर काम, नाहीतर घरी. अस्पृश्य कामगाराला तर जास्त मजुरीचे विणकाम खातेच बंद होते. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला.

काढलेल्या माणसासाठी सोबत्यांचा संप हेच मोठे हत्यार होते. त्यावर बंधने घालणारे विधेयक मुंबई सरकारने आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसह संप पुकारला.

पुढे १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल १९४६ मध्ये, स्थायी आदेश कायदा आला. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे मालकाने नियम लेखी करायचे: गैरवर्तन कशाला म्हणायचे, निलंबन कसे, नोकरी कशी संपते. कामगारांचे आक्षेप ऐकून सरकारी अधिकारी ते प्रमाणित करणार. जॉबरच्या तोंडी हुकमाला कागदाने दिलेले हे उत्तर होते. १९५३ च्या दुरुस्तीने कपातीसाठी एक महिन्याची नोटीस (किंवा तितका पगार) आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई आली. १९६५ पासून युनियन पाठीशी नसली तरी एकट्या बडतर्फ कामगारालाही वाद उभा करता येऊ लागला.

आणि आता? २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची शंभरची मर्यादा तीनशेवर नेली. ‘माणूस काढणे सोपे केले की रोजगार वाढतो’ असे सांगितले जाते. पण माणूस काढताच येऊ नये, असे कोण म्हणतो? कारण सांगा, लेखी द्या, त्याचे ऐकून घ्या, एवढीच मागणी आहे. छोट्या कारखान्यांत आणि ठेकेदारांकडे राबणारी आपली पोरे या मर्यादेखालीच राहतात. जॉबर गेला, ठेकेदार आला. हुकूम पुन्हा तोंडीच.

म्हणून नेमणूकपत्र, पगारपावती, हजेरीचा पुरावा जपा. काढले तर लेखी आदेश मागा, राजीनाम्यावर दबावाखाली सही करू नका आणि वेळ न घालवता कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. जयंतीच्या वर्गणीइतक्याच हक्काने वस्तीत हा कायदाही सांगा.

जय भीम!