सलाईन संपत आलं तेव्हा...

पावसाळा लागला की गॅस्ट्रो येतो, आणि दवाखान्यात एकच आग्रह: डॉक्टर, सलाईन लावा! म्हणून ही १९७१ ची गोष्ट.

पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या दवाखान्यात कॉलऱ्याचे पेशंट जमिनीवर पडलेले, सलाईन संपत आलेलं. उरलेलं अत्यवस्थ पेशंटसाठी ठेवून डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला आणि नातेवाइकांनाच पाजायला लावला. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा. बस्स. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं!

कॉलऱ्याच्या विषामुळे आतड्यातून पाणी वाहून जातं, पण ग्लुकोजसोबत मीठ आत घेणारी वाट चालूच राहते. मिठामागे पाणीही आत जातं. जुलाब लगेच थांबत नाहीत (लोकांचा विश्वास बसत नाही तो इथेच), पण माणूस वाचतो.

आज ही पुडी, म्हणजे ओआरएस, आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते. महालनबीसांना पद्मविभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये. ते २०२२ च्या ऑक्टोबरातच गेले होते.