सारक्कीच्या तळ्यावरून पेटेकडे

चपला काढून हातात घ्या. जे. पी. नगरातला तुमचा रस्ता आता उरलेला नाही. पायाखाली लाल माती आहे आणि चैत्रातलं ऊन तिला सकाळपासूनच तापवतंय. पहिल्या फेजपासून नवव्या फेजपर्यंत सगळं पुसलं गेलंय, मेट्रोचे खांबसुद्धा. साल १८००. ओळखीचं म्हणावं असं एकच काय ते राहिलंय, सारक्कीचं तळं. कडेला बायका कपडे आपटताहेत, म्हशी नाकापर्यंत पाण्यात बुडाल्यात. भोवतालची नाचणीची शेतं उघडी पडून वळवाची वाट बघताहेत.

उत्तरेकडे निघा. पेट, म्हणजे बंगळूरची बाजारपेठ, अडीच-तीन कोसांवर आहे. बैलगाडीवाल्यानं हात केला तर बसा, आणि कोण, कुठले असं विचारलं तर रंगाऱ्यांकडे पाहुणे आलोय म्हणा. तेवढ्यावर भागतं.

वाटेत लालबाग लागेल, पण काचघर शोधू नका, ते अजून व्हायचंय. इथं चौकोनी वाफे आहेत, एका वाफ्यात एकाच जातीची झाडं, आणि मधल्या वाटांच्या दोन्ही बाजूंना सरूच्या रांगा. विहिरीवर मोट चाललीय. चामड्याचा पोहरा वर येतो, पाणी धाडकन थारोळ्यात पडतं आणि पाटाकडेच्या गार मातीचा वास तुमच्यापर्यंत पोचतो. तोंडावर पाणी मारून घ्या, पुढे सावली कमी आहे.

किल्ल्यापाशी रेंगाळायचं कारण नाही. भिंती पडक्या आहेत. राज्य कुणाचं गेलं आणि कुणाचं आलं यावर पारावर पुष्कळ बोललं जातं. आपल्याला त्याच्या पलीकडे, बाजारात जायचंय.

आधी काटेरी कुंपण, मग खंदक, मग मातीचा तट. वेशीत शिरलात की अंग चोरून भिंतीला लागा, कारण लमाणांचा तांडा आत येतोय. घंटांचा नुसता कल्लोळ. बैलांच्या पाठीवर गोणी, गोणीत मीठ. तुमच्या दंडाला घासून गेलेली गोणी ओलसर आहे, ओठांवरही खारट चव येते. महिन्याभरानं फ्रान्सिस ब्यूकॅनन नावाचा डॉक्टर इथं येणार आहे. तो लिहून ठेवेल की या पेटेत एका वर्षात ७,००० बैलांचं ओझं मीठ आलं आणि ४,००० बैलांचं ओझं सुपारी बाहेर गेली. त्यातले पन्नासएक बैल सध्या तुमच्या अंगावरून चाललेत.

रस्ते रुंद म्हणावेत असे एकदोनच, बाकी सगळ्या वाकड्या गल्ल्या. डोळे मिटलेत तरी वाट सापडेल. तरगुपेटेत धान्याच्या धुरळ्यानं शिंका येतात. गाणिगरपेटेत घाणा करकरतोय, डोळे बांधलेला बैल गोल गोल फिरतोय आणि ताज्या तेलाचा वास नाकात बसलाय. बळेपेटेत बांगड्यांची किणकिण, कुंभारपेटेत भट्टीचा धूर. कानावर कन्नड पडतं, विणकरांच्या मागांवरून तेलुगू, मधेच तमिळ, मधेच दखनी. दर चार पावलांवर कुणी ना कुणी ‘सरका’ म्हणतंय, प्रत्येक जण आपापल्या भाषेत.

खरेदी करायची तर सराफाकडून नाणी घ्या. तो तुमच्या तळहातावर कंठीरायी फणम ठेवील. सोन्याचा एवढासा तुकडा, करंगळीच्या नखापेक्षा लहान. घामेजलेल्या बोटाला चिकटतो आणि फुंकर मारली तर हरवतो. मुठीतच धरा. सरकारी कचेरीत डोकावलात तर तिथला कारकून मांडी घालून मोडीत हिशेब लिहिताना दिसेल. तोंडानं आकडे पुटपुटतोय, मराठीत. तुम्हाला शब्दन्‌शब्द कळतो, पण कागदावरचं अक्षर लागत नाही. तुमच्या खापरपणजोबांना लागलं असतं.

आता रंगाऱ्यांच्या गल्लीत वळा. नाकाला पदर किंवा रुमाल लावा, हा वास सवयीशिवाय सोसत नाही. अंगणात रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेत. त्यात नीळ आहे, चुना आहे आणि शिजवलेल्या टाकळ्याच्या बिया आहेत. सगळं मिळून आंबत ठेवलेलं. वर तांबूस झाक असलेला फेस आलाय. रंगारी उकिडवा बसलाय आणि त्याचे हात कोपरापर्यंत निळे आहेत. नखांतली नीळ आता या जन्मी निघायची नाही.

“या, बसा. उन्हातनं आलात, आधी पाणी घ्या.” घरातल्या आजी बोलल्या. बोलण्याला कन्नड हेल आहे, पण मराठी तुमचीच. पाण्याचा तांब्या घ्या, वरून प्या, भांडं ओठाला लावू नका.

आणि आता बघत राहा, यासाठीच तुम्हाला इथवर आणलंय. रंगारी ओल्या पंच्याचा पिळा हळूच रांजणात सोडतो, आत हलवतो, फेस फुटू न देता वर काढतो. पंचा हिरवा आहे! पिवळट हिरवा, कोवळ्या पानाचा. तो दोन्ही टोकं धरून झटकतो, वारा लागतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत कडेकडेनं निळाई चढत जाते. शेवटचा हिरवा डाग मध्यावर क्षणभर टिकतो, मग तोही जातो. रंगारी तुमच्याकडे बघून हसतो. रोज दिवसभर हेच करणाऱ्या माणसालाही ते दुसऱ्याला दाखवायला आवडतं.

शेजारच्या पडवीत ठसेकाम चाललंय. काळ्यासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवलंय, तांबड्यासाठी आलाची मुळं कुटताहेत. लाकडी ठसा कापडावर पडतो, वर मुठीचा ठोका बसतो. ठक्. ठसा उचलला की पुन्हा ठक्. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे मराठी माणूस बंगळूरला आला असं म्हणणाऱ्यांना या पडवीत आणून बसवावंसं मला फार वाटतं. शहाजीराजांना ही जहागीर मिळाली त्यालासुद्धा आता दीडशे वर्षं उलटून गेलीत. ही गल्ली उपरी नाही. इथल्या पोरी भांडतात कन्नडमध्ये आणि रुसतात मराठीत.

जेवायला थांबा. केळीच्या पानावर नाचणीचा वाफाळता मुद्दा, म्हणजे गोळा, येईल आणि हुलग्याचं सार. लहान गोळा तोडा, सारात बुडवा आणि न चावता गिळा. चावलात की टाळूला चिकटतो. रामनवमी नुकतीच झालीय, म्हणून गूळ-सुंठीचं पानकही मिळेल. दुसरा पेला मागायला लाजू नका.

दुपारी आभाळ भरून येईल. पहिला थेंब धुळीत पडून खड्डा करतो, दुसरा तुमच्या कपाळावर. मग एकच धावपळ उडते. वाळत घातलेली कापडं ओढायला सगळी गल्ली बाहेर येते. तुम्हीही हात लावा. ओल्या रंगाचं कापड अंगाला लागेल, लागू द्या.

रात्री झोपायचं नाही. आज चैत्र पौर्णिमा आहे आणि ती मी मुद्दाम निवडलीय. तिगळ समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलाय की करगाच्या मिरवणुकीची रीत फार जुनी आहे. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून धर्मरायाच्या देवळासमोर जागा धरा. दिवट्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांत जाईल, बाजूच्या माणसाचा घाम तुमच्या बाहीला लागेल, आणि त्या सगळ्यावर मोगऱ्याचा वास इतका दाट की श्वास जड होतो. मध्यरात्र टळते. नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार आधी बाहेर येतात, पाती पात्यांवर आपटतात. त्यांच्या मधोमध हळदीच्या रंगाचं लुगडं आणि हातभर बांगड्या ल्यालेला पुरुष. डोक्यावर मोगऱ्यात गुंडाळलेला उंच करग आहे आणि त्याला त्याचा हात लागलेला नाही. तो चालत नाही, पळतो. गर्दी ‘गोविंदा’ म्हणून ओरडते, मागून धक्का येतो आणि तुमचे पाय आपोआप उचलले जातात. रंगाऱ्याचा धाकटा तुमच्या खांद्यावर चढून बसलाय, त्याला घट्ट धरा. मिरवणूक पहाटेपर्यंत सगळ्या पेटांतून फिरणार आहे, पुढे व्हा.