सही जुळत नाही!

बँकेत मला सगळे ‘भिंग’ म्हणतात. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहणे हे माझे काम. एखादी वेलांटी अर्धा मिलिमीटर आखूड दिसली, की मी चेक परत करतो आणि खातेदाराचे शिव्याशाप जमा करून घेतो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, हे मला परीमाशीने शिकवले. नाव माशीचे, पण गोत गांधीलमाशीचे. अंगाने बहुतेक जणी एक मिलिमीटरच्या आतल्या. अमेरिकेतल्या एका जातीचा नर तर 0.139 मिलिमीटरचा. 1997 साली त्याची नोंद झाली. ना पंख, ना डोळे! या बाया दुसऱ्या कीटकांच्या अंड्यात आपले अंडे घालतात आणि पोर आतून घरमालकच फस्त करते. आमचे पोटभाडेकरू परवडले.

1833 साली हॅलिडे नावाच्या आयरिश गृहस्थाने या मंडळींचे वेगळे कूळ मांडले. तेव्हापासून त्यांच्या सह्या ताडणे चालू आहे. कीटक काचपट्टीवर चिकटवायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि मोजायचे : मिशांची पेरी किती, पावलाची चार की पाच, पंखांची झालर केवढी. म्हणजे आमचेच खाते!

आणि खरोखरच यात एक बँकवाला निघाला. जॉन लबक. लंडनच्या घरच्या पेढीतला माणूस, डार्विनचा शेजारी. 1862 साली तळ्यातले पाणी भांड्यात घेऊन बघत बसला होता. (आमच्या साहेबांनी असे पाहिले असते तर मेमोच दिला असता.) बघतो तर एक परीमाशी पाण्याखाली पंख वल्ह्यासारखे मारत चाललेली! त्याने तिला ‘पोहणारी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. 1864 साली लिनियन सोसायटीने ते छापलेही.

पण पुढे सह्या ताडल्यावर कळले, की या बाईंचे खाते वॉकर नावाच्या गृहस्थाने 1846 सालीच उघडले होते. नियम असा, की जुने नाव खरे. लबकसाहेबांचे नाव रद्द! माशी मात्र तीच आणि तिचे पोहणेही तेच. ते काचपट्टीवर दिसत नाही. त्यासाठी भांड्यात बघावे लागते.

हे वाचले त्याच आठवड्यात एका आजींचा चेक आला. सही पार वाकडी. मी सवयीने म्हणालो, “आजी, सही जुळत नाही.”

“हात कापतो रे बाळा. सही बदलली, मी तीच आहे.”

घड्याळात पावणेचार आणि दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी. आजींची औषधे संपलेली. बारा वर्षांत प्रथमच मी खुर्चीवरून उठून काउंटरच्या बाहेर आलो. आजींना बसवले, फोटो आणि कागदपत्रे पाहिली, नव्या सहीचा नमुना घेतला आणि साहेबांची मंजुरी आणून पैसे हातात ठेवले. त्यांनी ते तीनदा मोजले. मला बरे वाटले. बाई बँकेला शोभणाऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अंथरुणात लोळत असताना आठवले, की 1871 साली इंग्लंडात बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा पार्लमेंटात आणला तोही याच लबकने. लोक त्या सुट्टीला कौतुकाने ‘संत लबकाचा दिवस’ म्हणत. ते नावही पुढे मागे पडले.

बिचाऱ्याची सही कुठेच टिकली नाही. मी मात्र त्याच्या नावाने आणखी तासभर झोपलो.