वेळापूरच्या दुकानदाराचा पत्ता

माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळे आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे सर्वश्रुत असले, तरी असल्या गावातील सामान्य दुकानदारास गिऱ्हाइकाने हुडकून काढण्याची रीत काळागणिक कशी पालटली, याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. पेशवाईत नवी पेठ वसविताना सरकार व्यापाऱ्यांस कौल देऊन काही वर्षे करांची सूट देई, शेटे-महाजन पेठेची व्यवस्था पाहत, आणि मालाची ख्याती बाजारकरूंच्या तोंडूनच गावोगाव पसरे. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्यास शिस्तबद्ध रूप दिले आणि परमुलखातली हजारो पावले दरसाल या वाटेने येऊ लागली. पाटी, छापील जाहिरात हे नंतरचे टप्पे.

1998 साली गूगल स्थापन झाले आणि शोधयंत्राच्या दरबारात जुनाच न्याय नव्याने चालू लागला: ज्या संकेतस्थळाचा हवाला इतर भरवशाची स्थळे देतात, त्याची पत अधिक. मात्र पतीआधी ओळख पटावी लागते, आणि कित्येक दुकानदार सारा मजकूर एका रंगीत चित्रात कोंबतात, जो यंत्रास (आणि माझ्या मते गिऱ्हाइकासही) धड वाचता येत नाही. तेव्हा वेळापूरकरांनी गाव, तालुका, जिल्हा, मालाचे प्रचलित नाव व दुकानाच्या वेळा साध्या देवनागरी अक्षरांत लिहाव्यात, नकाशावरील नोंदीची मालकी आपल्या नावे करून घ्यावी, आणि आषाढी वारीपूर्वी ती एकवार तपासावी.