विंचू उतरवणारी गोळी

वाशीहून कोकणात निघालं की पनवेल, पेण, माणगाव करत आपण महाडला पोचतो. महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं, रायगड आठवतो. पण औषधांच्या इतिहासातही या गावाचं एक पान आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

१९७६ साली जालन्याकडचे तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेले पेशंट यायचे. शेतमजूर, लहान मुलं. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी आणि खेळ खलास! गंभीर केसेसमध्ये तीसेक टक्के माणसं जायची. गावात मांत्रिक विंचू उतरवायचे, दवाखान्यात अँटिहिस्टामाइन नाहीतर स्टेरॉइड मिळायचं. उपयोग दोन्हीचा सारखाच.

बावस्कर रात्र रात्र पेशंटजवळ बसून नाडी, रक्तदाब लिहून ठेवू लागले. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी लॉग, मग डिबगिंग. त्यांची निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली.

प्रकार असा असतो. विंचवाच्या विषाने नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडेच राहतात. शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकतं. म्हणजे मारतं ते विषापेक्षा शरीरात उठलेलं हे वादळ. मग रक्तवाहिन्या सैल केल्या तर? सोडियम नायट्रोप्रसाइडच्या सलाइनने ते जमलं. पण त्या औषधाला क्षणाक्षणाला लक्ष ठेवावं लागतं, आणि बिरवाडीसारख्या ठिकाणी आयसीयू कुठून आणणार?

उत्तर एका साध्या गोळीत होतं. प्राझोसिन. १९७० च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी आलेली. रक्तवाहिन्या आवळणारा संदेश जिथे पोचतो, नेमकी तीच जागा ती अडवते. वर स्वस्त आणि तोंडाने घ्यायची! १९८६ साली हा उपचारही 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे वेळेत उपचार मिळालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण एखाद-दोन टक्क्यांवर उतरलं. २०११ साली 'बीएमजे'मध्ये महाडच्याच ७० पेशंटचा अभ्यास आला. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर माणूस आणखी लवकर सावरतो, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मला यात सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू? औषध नवीन नव्हतंच. केमिस्टकडे रक्तदाबाच्या खणात ते पडून होतं. गोळीला आजाराचं नाव कळत नाही, तिला फक्त शरीरातलं आपलं कुलूप कळतं. ते कुलूप विंचवाच्या दंशातही आहे, हे ओळखायला कुणीतरी पेशंटच्या उशाशी जागावं लागलं.

असो. बीपीची गोळी घरात आहे म्हणून स्वतः प्रयोग करू नका बरं. विंचू चावला की मांत्रिक नाही, थेट दवाखाना!