बीअर गेम: व्यवस्थापनाचे हुशार विद्यार्थी ज्यात हमखास तोट्यात जातात, असा हा खेळ काय शिकवतो?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या स्लोन स्कूल ऑफ मॅनेजमेंटमध्ये गेली सहा दशकं एक खेळ खेळला जातो. टेबलावर लांबलचक पट, त्यावर सोंगट्या किंवा नाणी आणि प्रत्येकाच्या हातात कागदाच्या चिठ्ठ्या. नाव आहे 'बीअर गेम'. यात प्यायला काही मिळत नाही. मिळतो तो तोटा, आणि तोही जवळपास प्रत्येक संघाला.

विद्यापीठ आणि खेळ हे शब्द एकत्र आले की आपल्याकडे क्रीडा महोत्सव आठवतो, नाहीतर पहिल्या दिवशी ओळख करून घेण्यासाठी खेळवले जाणारे गमतीचे प्रकार. पण खेळ हीच शिकवण्याची पद्धत असू शकते. बीअर गेम हे त्याचं बहुधा सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण. आज जगभरच्या मॅनेजमेंट आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत तो खेळवला जातो.

खेळ आला कुठून?

जे फॉरेस्टर हे मुळात इंजिनिअर. संगणकांच्या सुरुवातीच्या काळात 'व्हर्लविंड' नावाचा संगणक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवरही त्यांनी महत्त्वाचं काम केलं. १९५६ मध्ये ते स्लोन स्कूलमध्ये आले आणि लवकरच जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं एक कोडं त्यांच्यासमोर आलं. केंटकी राज्यातल्या कंपनीच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी कामाच्या पाळ्यांवर पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसावं लागे. असं का होतं? बाजारातली तेजी-मंदी, हे ठरलेलं उत्तर कोणालाच पटत नव्हतं.

फॉरेस्टर यांनी वही-पेन्सिल घेऊन आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. साठा किती, मागणी किती, त्यावरून व्यवस्थापक पुढची ऑर्डर किती देतील. त्यातून दिसलं की बाहेरची मागणी स्थिर असली तरी कंपनीच्या आतले निर्णयच असा चढ-उतार घडवू शकतात. या कामातून 'सिस्टिम डायनॅमिक्स' ही शाखा उभी राहिली आणि १९६१ मध्ये त्यांचं 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हे पुस्तक आलं. त्याच सुमारास त्यांच्या गटाने हा खेळ तयार केला. वहीतला हिशेब विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याऐवजी त्यांनाच त्या हिशेबात बसवलं, असं म्हणता येईल.

खेळायचं कसं?

एका संघात चार जागा असतात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. चौघं एका रांगेत बसतात. बीअरचे खोके कारखान्याकडून दुकानाच्या दिशेने सरकतात, ऑर्डरच्या चिठ्ठ्या दुकानाकडून कारखान्याच्या दिशेने जातात. गिऱ्हाइकाची मागणी पत्त्यांच्या गड्डीत पालथी ठेवलेली असते. दर आठवड्याला एक पत्ता उघडायचा आणि तो फक्त दुकानदाराने पाहायचा.

एकमेकांशी बोलायचं नाही. चिठ्ठीवर फक्त आकडा लिहायचा. चिठ्ठी वर पोहोचायला आणि माल खाली यायला मिळून साधारण चार आठवडे लागतात.

सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ खोके असतात आणि आठवड्याला ४ खोके पुढे जात असतात. गोदामात पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्यामागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च. ऑर्डर आली पण माल देता आला नाही, तर थकलेल्या प्रत्येक खोक्यामागे एक डॉलर, आणि ती ऑर्डर रद्द होत नाही, डोक्यावर बसून राहते. चौघांचा मिळून खर्च सगळ्यात कमी आला तो संघ जिंकला. चुरस यावी म्हणून बहुतेकदा प्रत्येक जण एक डॉलर मध्ये टाकतो आणि जिंकणारा संघ ती रक्कम घेऊन जातो.

बीअरऐवजी दुधाच्या पिशव्या किंवा सरबताच्या बाटल्या धरल्या तरी काही बिघडत नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलाला जमेल इतकीच बेरीज-वजाबाकी यात आहे.

मग बिघडतं कुठे?

पहिले काही आठवडे सगळं शांत. मग एका आठवड्यात दुकानदाराला जास्त मागणीचा पत्ता येतो. तो साठ्यातून भागवतो, थोडी जास्त ऑर्डर देतो. पुढच्या आठवड्यातही मागणी जास्तच. वरून मात्र माल जुन्याच हिशेबाने येतोय. साठा संपतो, थकबाकी सुरू होते, दुकानदार आणखी मोठी ऑर्डर लिहितो. घाऊक व्यापाऱ्याला वाटतं मागणी भडकली. तो आपली गरज आणि वर थोडी भर असं धरून वितरकाला कळवतो. वितरक तेच करतो. कारखान्याला काही आठवड्यांनी खबर लागते तेव्हा आकडा ओळखू न येण्याइतका फुगलेला असतो.

मग महापूर येतो. घाबरून दिलेल्या ऑर्डरींचा सगळा माल एकदम खाली उतरतो. गोदामं भरतात, चिठ्ठ्यांवर शून्य लिहिलं जाऊ लागतं आणि कारखान्यातला खेळाडू ढिगाकडे बघत हात बांधून बसतो.

एमआयटीचेच प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी या खेळाच्या नोंदींचा बारकाईने अभ्यास करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तम खेळलं तर एका संघाचा खर्च सुमारे २०० डॉलर यायला हवा होता. प्रत्यक्षात सरासरी आली सुमारे २,००० डॉलर, म्हणजे दहापट. कारखान्याच्या ऑर्डरी सरासरी ३२ खोक्यांच्या शिखरापर्यंत गेल्या होत्या.

शिकवणी सुरू होते खेळ संपल्यावर

खेळ थांबला की वर्गात गोंगाट होतो. दुकानदार घाऊक व्यापाऱ्यावर चिडलेला असतो, कारखानावाला सगळ्यांवर. 'माल वेळेवर पाठवला असता तर' आणि 'वेड्यासारख्या ऑर्डरी दिल्या नसत्या तर' अशी दोन्ही बाजूंनी खडाजंगी.

मग शिक्षक दुकानदार सोडून बाकीच्यांना सांगतात: गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलत गेली असेल, त्याचा आलेख काढा. जवळपास सगळे मोठी लाट काढतात. आधी वर झेपावणारी, मग धाडकन खाली येणारी. त्यांनी सोसलेलं तेच असतं.

त्यानंतर खरी मागणी दाखवली जाते. पहिले चार आठवडे ४ खोके. पाचव्या आठवड्यापासून ८ खोके. त्यानंतर शेवटपर्यंत ८ म्हणजे ८. मागणी एकदाच वाढली आणि तिथेच थांबली. लाट गिऱ्हाइकाने आणलीच नव्हती, ती खेळाडूंनी स्वतः तयार केली होती.

हीच गोष्ट फळ्यावर दोन वाक्यांत सांगता आली असती. पण ऐकणाऱ्याला वाटलं असतं, 'ते लोक चुकले, मी असतो तर असं केलं नसतं'. इथे तो स्वतः चुकलेला असतो, शेजारच्या टेबलावरचे लोकही अगदी तसेच चुकलेले असतात, आणि सगळ्यांचे आलेख एकसारखे दिसतात. वेगवेगळी माणसं एकाच जागी बसून एकच चूक करत असतील, तर दोष माणसापेक्षा त्या जागेच्या रचनेत शोधायला हवा. हे पटायला आधी एक तास शेजाऱ्यावर मनापासून चिडावं लागतं.

चूक नेमकी कोणती?

स्टरमन यांच्या विश्लेषणानुसार खेळाडू समोरचा साठा बघतात, पण आधीच मागवलेला आणि वाटेत असलेला माल पुरेसा हिशेबात धरत नाहीत. इमारतीच्या गच्चीवर सोलर हीटर असला की हाच अनुभव सकाळी न्हाणीघरात येतो. गरम पाण्याचा नळ उघडला तरी आधी पाइपातलं थंड पाणीच येतं. आपण नळ आणखी सोडतो, मग एकदम चटका बसतो, घाईने थंड नळ सोडतो. दोष पाण्यात नसतो. आपण केलेली कृती अजून पाइपात आहे हे विसरलेलं असतं.

व्यापारात याला 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात. आसुडाची मूठ जराशी हलली तरी टोकाला मोठा फटका बसतो, तसं. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीला लहान मुलांच्या डायपरच्या विक्रीत हे दिसलं होतं. बाळं रोज साधारण तितकेच डायपर वापरतात, तरी वरच्या टप्प्यांवरच्या ऑर्डरी हेलकावे खात होत्या. कोरोनाच्या काळात मोटार कंपन्यांनी आधी चिपच्या ऑर्डरी कापल्या, मग गाड्यांची मागणी परतल्यावर सगळे एकदम मागायला धावले. २०२१ मध्ये भारतातल्या कंपन्यांनाही चिपअभावी उत्पादन कमी करावं लागलं.

लासलगावचा कांदा याच्या जवळचा नातेवाईक. भाव चढला की लागवड वाढते, माल काही महिन्यांनी एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. तिथे चिठ्ठीची जागा भाव घेतो, पाऊस आणि निर्यातबंदीही मध्ये येतात, त्यामुळे गुंता जास्त. पण निर्णय आणि परिणाम यांच्यातलं अंतर तेच.

मग सगळंच खेळातून का शिकवू नये?

इथे एक गल्लत नेहमी होते. हजेरीला पॉइंट, गृहपाठाला बॅज आणि पहिल्या दहांची यादी लावणं याला 'गेमिफिकेशन' म्हणतात. ते जुन्याच अभ्यासक्रमावर लावलेलं बक्षीस आहे. बीअर गेममध्ये अभ्यासाचा विषय खेळाच्या नियमांमध्येच असतो, तो काढला तर खेळच उरत नाही.

विद्यार्थ्यांनी वर्गात काहीतरी करण्याचा फायदा होतो, याला चांगला आधार आहे. २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. फक्त व्याख्यान असलेल्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, तर विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. अर्थात यात गटचर्चा, प्रश्न सोडवणं असे सगळेच प्रकार होते. 'खेळ घेतला की निकाल वाढतो' असा त्याचा अर्थ काढणं चुकीचं ठरेल.

खेळाला वेळही बराच लागतो. तासिका संपत आली की आधी कात्री लागते ती शेवटच्या चर्चेला, आणि तीच कापली तर हाती फक्त आरडाओरडा उरतो. खेळातल्या निकालावर गुण दिले तर आणखी नुकसान. मग विद्यार्थी चुकायला घाबरतात, आणि चुकल्याशिवाय या खेळातून काही हाती लागत नाही.

गुपित फुटलं तर मजा जाते, हेही खरं. पण पूर्ण जात नाही. रेचेल क्रोसन आणि कॅरन डोनोह्यू यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मागणी कोणत्या मर्यादेत बदलेल हे सगळ्या खेळाडूंना आधीच सांगितलं होतं. तरीही ऑर्डरी वरच्या टप्प्यांवर फुगतच गेल्या.

इतिहासाच्या वर्गात १९४५ चं सिमला

आकडेमोड नसलेल्या विषयांतही हे जमतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९०च्या दशकात 'रिअॅक्टिंग टू द पास्ट' हा उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांना ऐतिहासिक भूमिका मिळतात, प्रत्येक भूमिकेची उद्दिष्टं ठरलेली असतात. मूळ कागदपत्रं वाचून भाषणं करायची, गट जमवायचे, मतं मिळवायची. वर्ग विद्यार्थीच चालवतात, शिक्षक मागे बसून चिठ्ठ्या पाठवतात.

यातला एक खेळ भारतावर आहे. १९४५ च्या उन्हाळ्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी सिमल्यात बोलावलेली परिषद हा त्याचा प्रसंग. कोणी काँग्रेसकडून बोलतं, कोणी मुस्लिम लीगकडून, कोणी ब्रिटिशांकडून. प्रत्यक्षातली परिषद कार्यकारी मंडळातल्या मुस्लिम सदस्यांची नावं कोणी सुचवायची यावरून मोडली. वर्गात मात्र शेवट ठरलेला नसतो. कधी तडजोड होते, कधी देश तुटतो. त्यानंतरच्या तासाला भूमिका उतरवून सगळे बसतात, आणि तेव्हा प्रत्यक्षात काय घडलं होतं ते शिक्षक सांगतात.