देवगावच्या तहातील एक कलम

जबलपूरचा कारभार एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या नावाने चालत असे, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १७९८ च्या सुमारास हा मुलूख त्यांच्याकडे आला व १८१७ च्या डिसेंबरात तो इंग्रजांनी घेतला. या अवधीत, १७ डिसेंबर १८०३ रोजी, दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगाव येथे इंग्रजांशी तह करावा लागला. त्या तहाने कटक गेले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यातील एक लहानसे कलम सहसा कोणी वाचीत नाही. राजाने कोणाही फ्रेंच माणसास, अथवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या अन्य युरोपीय वा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनास, चाकरीत ठेवू नये, असे ते कलम होते. इतर राष्ट्रांचा उल्लेख मोघम. नाव घेऊन निषेध तेवढा फ्रेंचांचा! त्याच महिन्याच्या ३० तारखेस शिंद्यांशी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहातही हीच अट आली.

हा रोष कोठून आला? इंग्रजांचे भय अगदीच निराधार नव्हते. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता, आणि १८०३ च्या मे महिन्यात इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध पुन्हा पेटले होते. उत्तरेत शिंद्यांची कवायती पलटणे पेराँ या फ्रेंच सेनापतीच्या हाती होती. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांना त्यात यमुनातीरी वसलेले एक फ्रेंच राज्यच दिसले, आणि ते नष्ट करणे हे त्यांनी युद्धाचे एक उद्दिष्ट ठरविले.

पण ते 'फ्रेंच राज्य' होते तरी कसे? ती पलटणे उभारणारा द बॉयन मूळचा सॅव्हॉयचा. त्याच्या जन्मकाळी तो प्रांत फ्रान्सचा नव्हे, सार्डिनियाच्या राजाचा होता. असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या पायदळाचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा, आणि हॅनोव्हरचा अधिपती होता प्रत्यक्ष इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज! स्वतः पेराँ तर फ्रान्ससाठी लढला नाहीच. सप्टेंबर १८०३ मध्ये तो शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. ही माणसे पगारासाठी आली होती, राष्ट्रकार्यासाठी नव्हे. तथापि 'फ्रेंच' हा शिक्का एकदा बसल्यावर माणूस पाहण्याची गरज कोणास राहिली नाही.

खरे सामर्थ्य कोठे होते, ते १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीस दिसले. बहुतेक युरोपीय अधिकारी निघून गेले असताही शिंद्यांचे शिपाई व गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले. त्यांच्या शौर्याची वाखाणणी खुद्द शत्रूचा सेनापती लेक याने केली. ते शिपाई हिंदी होते.

श्रोतेहो, अशा कलमाने वगळले गेले ते फ्रेंच; पण बांधले गेले ते आपले राजे. आपल्या चाकरीत कोणास ठेवावे, हा राज्यकर्त्याचा साधा अधिकार. तोही येथून पुढे इंग्रजांच्या अनुमतीवर राहिला. परक्याचा द्वेष आपल्या दप्तरात लिहून घेणे ही तर पराभवाची खूणच होय. कटक गेले ते नकाशावर दिसते. हे गेलेले मात्र कागद वाचल्यावाचून दिसत नाही.